माळकरी सासूबाई आणि माशाच्या तेलाची गोळी

पत्र

"ताई, आम्ही बार्शीला असतो. माझं माहेर मालवणचं, सासर मात्र माळकरी. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. आठ-दहा महिने झाले, त्यांचं विसरणं वाढलंय. गॅस तसाच चालू राहतो, दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा जातात. गेल्या पंधरवड्यात भगवंताच्या देवळातून परत येताना, चाळीस वर्षं पायाखालचा असलेला रस्ता त्या चुकल्या. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. आमचे हे म्हणतात, वय झालं. त्यांनीच कुणाच्या तरी सांगण्यावरून माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्यात. आई मधुमेहाच्या गोळ्या बारा वर्षं घेतातच, त्यांच्याबरोबर व्हिटॅमिन म्हणून देऊन टाक, माशाचं सांगू नकोस, असं म्हणतात. माझा हात धजत नाही. नणंद रोज दोन चमचे तूप द्यायला सांगते, शेजारच्या काकू खोबरेल तेल. मुलगा बारावीला आहे, त्याच्या क्लासमध्ये अक्रोड खायला सांगितलेत. खरंच तेला-तुपाने मेंदू सुधारतो का? आणि त्या गोळ्यांचं मी काय करू?"

उत्तर

गोळ्यांची बाटली कपाटात ठेवून द्या. तुमचा हात धजत नाही, तो धजू देऊही नका. गळ्यात तुळशीची माळ घालून ज्या बाईने सगळं आयुष्य काढलं, तिच्या तोंडात तिला न सांगता मासा घालायचा नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे. पण तुमच्या यजमानांना ते पुरेसं वाटणार नसेल तर दुसरंही सांगते. मिरजेच्या माझ्या एका मावशीला अशक्तपणा आला होता. लेकाने टोमॅटोच्या सारात मटणाचं अळणी मिसळून दिलं. तिसऱ्या दिवशी तिला वास आला. त्यानंतर कितीतरी आठवडे ती त्या घरात स्वतः सोललेल्या केळ्याखेरीज काही खाईना. माणसाला विसर पडू लागला की मनात संशयही लवकर शिरतो. आत्ता तुमच्या सासूबाई तुमच्या हातचं निर्धास्त खातात. पुढची वाट कशीही असली तरी हा विश्वास तुम्हाला लागणार आहे. गोळीपायी तो घालवू नका.

आता त्याहून तातडीचं. पायाखालचा रस्ता चुकणं हे वय नव्हे. वयाने नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. देवळातून घरी येता न येणं वेगळं, त्यासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून तर मी थांबलेच: बारा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या. त्यांत मेटफॉर्मिन असेल (बहुतेकांच्या असतं) तर ते वर्षानुवर्षं घेतल्याने शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. त्यात सासूबाई जन्मभर शाकाहारी, म्हणजे बी-१२ मिळण्याची जागा काय ती दूध-दही. आम्लपित्ताची गोळी रोज घेत असतील तर आणखी भर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की आपल्याकडे बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. या कमतरतेने विसराळूपणा येतो, तोल जातो, पायांना मुंग्या येतात, आणि वेळेत सापडली तर यातलं बरंच सुधारतं. म्हणून कुठलीही 'ताकदीची' गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा. आधीच व्हिटॅमिन दिलं तर आकडा फसवा येतो. बी-१२, जमल्यास होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक), थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. बी-१२ मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की, २०० ते ३०० असेल तरी डॉक्टरांशी बोला. त्यांना ऐकू नीट येतं का, झोप लागते का, मन उदास असतं का, हेही विचारून घ्या, कारण ही तिन्ही कारणं विसराळूपणाच्या वेशात येतात. आणि त्यांच्या गोळ्यांत साखर फार खाली नेऊ शकणारं औषध असेल तर रस्ता चुकला त्या दिवशी साखर किती खाली गेली होती, हे कुणी पाहिलं का?

हे सांगून झालं. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो मला मनापासून आवडला.

मेंदूतलं पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या ऐवजात निम्म्याहून जास्त चरबीच आहे. ती पोटावरच्या चरबीसारखी साठवणीची नाही, आणि मेंदू ती जाळतही नाही म्हटलं तरी चालेल. त्याचं सरपण म्हणजे साखर, आणि माणूस उपाशी राहिला तर कीटोन, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेलं इंधन. चरबी तिथे बांधकामात लागते. एकेका चेतापेशीचं आवरण, तिच्या लांब तंतूंभोवतीचं वेष्टण, दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात तो सांधा, सगळं चरबीचं. म्हणून चरबीने मेंदूला 'शक्ती' मिळते का, असं विचारण्यापेक्षा भिंत कसल्या विटांची बांधली जातेय, असं विचारायला हवं.

विटा कशा वेगळ्या असतात ते तुम्ही रोज स्वयंपाकघरात पाहता. थंडीत तूप थिजतं, करडईचं तेल थिजत नाही. तुपातली बरीचशी मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्यांची बनते ते घटक, सरळ काड्यांसारखी असतात. मोळी बांधावी तशी ती एकमेकांना चिकटून बसतात. करडईतली मेदाम्लं मध्येच वाकलेली, त्यामुळे मोळी घट्ट बसत नाही आणि तेल पातळ राहतं. मेंदूतलं डीएचए नावाचं मेदाम्ल तर सहा ठिकाणी दुमडण्याची सोय असलेलं. ते जिथे असतं तिथलं आवरण लवचीक राहतं. पेशीच्या आवरणातली प्रथिनं त्यात सहज हलतात, निरोपाच्या पिशव्या आवरणाला मिळून पटकन मोकळ्या होतात. आठवण साठवायची तर हे सांधे सतत घडवावे-मोडावे लागतात, आणि तिथेच डीएचए दाटीने असतं. बाळाच्या मेंदूत ते गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून दोन वर्षांचं होईपर्यंत झपाट्याने भरलं जातं.

ते मेंदूत शिरतं कसं, हेही ऐका, कारण बी-१२चा धागा इथे परत येतो. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा कडक पहारा असतो, आणि आपण खाल्लेली चरबी सरसकट आत जात नाही. २०१४ साली सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवलं की डीएचए एका विशिष्ट फॉस्फोलिपिडवर (चरबीच्याच एका प्रकारावर) स्वार होऊन, ठरलेल्या दारातूनच आत जातं. हे वाहन बनवण्याचा एक रस्ता यकृतात आहे, आणि त्याला बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांच्या साखळीतून येणारा माल लागतो. ऑक्सफर्डमध्ये सत्तरी ओलांडलेल्या, थोडं विसरू लागलेल्या माणसांना दोन वर्षं बी-१२, फॉलिक अॅसिड आणि बी-६ दिलं होतं. त्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला, असं २०१० साली जाहीर झालं. २०१५मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की हा फायदा ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ मेदाम्लं (डीएचए याच गटातलं) चांगली होती त्यांनाच झाला होता. बाकीच्यांना जीवनसत्त्वं देऊनही उपयोग नाही. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. घरात आपण एक गोळी, एक चमचा, एक बी शोधत बसतो, आणि शरीरात मात्र सगळं जोडीने चालतं.

माशाच्या तेलात हे डीएचए असतं. मग माशाच्या गोळ्यांनी स्मरणशक्ती परत येते का? नाही. अमेरिकेत अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांवर दीड वर्ष प्रयोग झाला. काहींना रोज २ ग्रॅम डीएचए दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. २०१०चा निकाल असा की घसरण दोन्हीकडे सारखीच. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या १६८० जणांवर तीन वर्षं असाच प्रयोग झाला, त्यातही ठोस फरक दिसला नाही.

पण ज्यांच्या ताटातच वर्षानुवर्षं मासे आहेत त्यांच्याकडे पाहिलं तर चित्र पालटतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ८९९ वयस्क माणसांवर सरासरी नऊ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात डीएचए सगळ्यात जास्त, त्या वरच्या चौथाईत स्मृतिभ्रंशाचा धोका बाकीच्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ही माणसं आठवड्याला साधारण तीनदा मासे खाणारी होती. दुसऱ्या एका अभ्यासात २६० धडधाकट वृद्धांच्या मेंदूची छायाचित्रं काढली. आठवड्याला भाजलेला मासा खाणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, जास्त भरलेला दिसला. तळलेला मासा खाणाऱ्यांत हा फरक नव्हता. अर्थात मासे खाणारी माणसं आणखीही पुष्कळ गोष्टी वेगळ्या करत असतील. त्यामुळे सगळं श्रेय माशाला देता येत नाही.

तरी या दोन चित्रांत मला विरोध वाटत नाही. २००९ साली अमेरिकेत खूण लावलेलं डीएचए माणसांना देऊन मेंदूत त्याचं काय होतं ते मोजलं होतं. मेंदू दिवसाला घेतो सुमारे ४ मिलिग्रॅम. राईच्या दोन-तीन दाण्यांएवढं वजन, ताई! आणि आत असलेल्यातलं निम्मं बदलायला अडीच वर्षं लागतात. जे काम इतक्या सावकाश चालतं ते गोळ्यांच्या एका बाटलीने काय होणार? आणि पेशीच मरू लागल्यावर वीट बदलून भिंत उभी राहत नाही. तुमच्या सासूबाईंच्या मेंदूला आज काय हवं ते डॉक्टर ठरवतील. तेला-तुपाचा विचार त्यांच्यासाठी करा, पण त्याहून जास्त तुमच्यासाठी, यजमानांसाठी आणि त्या बारावीतल्या मुलासाठी करा. त्यांच्या भिंती अजून बांधल्या जाताहेत.

आता तूप. गरम वरणभातावर चमचाभर तूप काढून टाका, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण औषध म्हणून रोज वरून दोन चमचे नकोत. मेंदू त्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, ताटातलं कोलेस्टेरॉल त्या पहाऱ्यातून आत जात नाही. तुपातली सरळ मेदाम्लंही त्याला बाहेरून मागवावी लागत नाहीत. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल मात्र वाढू शकतं, आणि मध्यमवयात ते वाढलेलं राहणं हे २०२४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत धरलंय. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या रक्तवाहिन्यांवर आधीच ताण आहे. खोबरेल तेलाचंही तेच. ते ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त, म्हणजे सरळ काड्यांच्या मेदाम्लांचं आहे, आणि अल्झायमर त्याने बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. काकूंना सांगा, डोक्याला लावायला चांगलं आहे.

ज्याची मला खरी काळजी वाटते ते मात्र तुमच्या पत्रात नाहीच: बेकरीची खारी, नानकटाई, हातगाडीवरचं पुन्हापुन्हा तापवलेलं तेल. ट्रान्स फॅट म्हणजे वाकलेली काडी कारखान्यात सरळ केलेली. नावाला ती तेलाची, पण बसते तुपासारखी. जपानमधल्या हिसायामा गावात १६२८ वृद्धांच्या रक्तातलं असं एक मेदाम्ल मोजून दहा वर्षं पाहिलं. ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं, आणि गोड बेकरी पदार्थ हा त्याचा मोठा स्रोत होता. आपल्याकडे २०२२पासून तेलात आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर असायला बंदी आहे. तळणीचं तेल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तापवणं मात्र आपल्याच हातात. सासूबाईंचा सकाळचा चहा खारीबरोबर होत असेल तर तिथून सुरुवात करा.

आणि आता जवस. बार्शीच्या घरात जवसाची चटणी कधीच झाली नसेल, असं मला वाटत नाही. मध्यंतरी ती मागे पडली असेल. ओमेगा-३चं शाकाहारी रूप, अल्फा लिनोलेनिक आम्ल, जवसाइतकं आपल्या कुठल्याच धान्या-बियांत नाही. दहा ग्रॅम पुडीत दोन ग्रॅमच्या आसपास. बाईमाणसाला दिवसाला लागतं १.१ ग्रॅम, पुरुषाला १.६. याचं शरीरात डीएचए फार थोडं बनतं, पुरुषांत टक्काभरही नाही, आणि पाळी गेल्यावर बायकांतही कमीच. मी हे लपवणार नाही. पण मेंदूची रोजची गरज किती ते वर सांगितलंच आहे.

एक अडथळा मात्र आपण स्वतःच तयार करतो. करडई आणि सूर्यफूल या तेलांत ओमेगा-६ नावाच्या दुसऱ्या गटातली मेदाम्लं भरपूर आणि ओमेगा-३ जवळजवळ शून्य. दोन्हींवर काम करणारं एन्झाइम एकच, त्यामुळे ज्याची गर्दी जास्त त्याचं काम आधी होतं. करडई वाईट नाही, कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. पण बारा महिने एकच डबा नको. शेंगदाण्याचं ठेवा, एखाद्या महिन्यात मोहरीचं किंवा सोयाबीनचं आणा, त्यांत थोडं ओमेगा-३ असतं. आणि एकूण तेल कमीच बरं.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, काळं करू नका. कुटायलाच हवं, अख्खं बी तसंच बाहेर पडतं. आठवड्यापुरतंच कुटा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण हे तेल पटकन खवट होतं. खवट वास आला तर हळहळ न करता टाकून द्या. जवसाच्या तेलात फोडणी करू नका. भाकरीवर चमचाभर चटणी, दह्यात कालवलेली, एवढं रोज पुरे. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा आणि पाणी जास्त प्यायला लावा, नाहीतर पोट बिघडेल.

सासूबाईंना थेट डीएचए द्यायचंच असेल तर शाकाहारी वाट आहे. मासा ते स्वतः बनवत नाही म्हटलं तरी चालेल, समुद्रातल्या शेवाळातून ते त्याच्याकडे येतं. तेच शेवाळ टाकीत वाढवून काढलेलं तेल गोळ्यांत मिळतं. हिरवी खूण बघून घ्या, कारण काही गोळ्यांचं वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं असतं. ही गोळी त्यांना दाखवून, सांगून, डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि तिने रस्ता सापडू लागेल, ही आशा बाळगू नका.

मुलाला अक्रोड आवडत असतील तर चार-पाच खाऊ दे, पण मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला लागतो असं नाही. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियात सातशेवर वृद्धांना दोन वर्षं रोज मूठभर अक्रोड देऊन पाहिले, एकंदरीत बुद्धीत फरक पडला नाही. शाळकरी मुलांना डीएचए देऊन वाचन सुधारतं का, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा कच्च्या मुलांत थोडी सुधारणा दिसली, दुसऱ्यांदा काहीच नाही. त्याला सात-आठ तास झोपू द्या आणि सकाळी उपाशी पाठवू नका.

तुम्ही माहेरी जाल तेव्हा मात्र मनसोक्त खा. पापलेटवर पैसे घालवण्यापेक्षा बांगडा आणि तारली आणायला सांगा, दोन्ही तेलकट मासे आणि ओमेगा-३ त्यांतच जास्त. तळण्यापेक्षा तिखलं बरं. सासरी त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. सासूबाईंचा नेम त्यांचा आहे आणि तुमचं खाणं तुमचं.

यजमानांना हे सगळं वाचायला द्या. आईसाठी काहीतरी करावं म्हणूनच त्यांनी ती बाटली आणली. त्यांना म्हणावं, तेच पैसे रक्ततपासणीला घालू, आणि डॉक्टरांकडे तुम्ही सोबत चला. जाताना कधी काय विसरलं, तारखेनिशी एका वहीत लिहून न्या, सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घाला. अहवाल काहीही आला तरी तोवर गॅसचा मुख्य नळ रात्री तुम्ही बंद करा आणि त्यांच्या पिशवीत घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आणि जवस कुटायला त्यांनाच बसवा. मिरची किती, लसूण कधी घालायचा, भाजल्याचा वास कसा ओळखायचा, हे हातांना उशिरापर्यंत आठवतं. त्या सांगतील ते शेजारी बसून लिहून घ्या. बी-१२चा आकडा आला की मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.